भिंतीलगतची अर्ध्या बोटाची फट

"फोटो छान आलाय," एवढंच मी म्हणालो होतो. साडूच्या नव्या घरी, पंचवीस पाहुण्यांसमोर, उकिडवं बसून, जमिनीवर टिचकी मारून. साडूने मोठ्या हौसेने लाकडी जमीन करून घेतली होती आणि आल्या-गेल्याला तो तिच्यावर अनवाणी चालायला लावत होता. आता ती जमीन मुळात लाकडीच नव्हती, हा काही माझा दोष नव्हे. दाबलेल्या भुशाच्या पाट्या आणि त्यांच्यावर लाकडाचं चित्र असलेला कागद. दर सातव्या फळीवर तीच गाठ, त्याच जागी. मी मोजलं. एवढ्या माणसांत कुणीतरी मोजायलाच हवं होतं.

पाहुणे पोट धरून हसले. साडू कसनुसा हसला. माझी मेहुणी मात्र हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, भावोजींच्या जिभेला काही हाड आहे का?" त्यावर बायको चक्क माझ्या बाजूने बोलली. "खरं तेच बोलले ना?" म्हणाली. एकवीस वर्षांच्या संसारात तिने माझी बाजू घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्याची शिक्षा म्हणून त्या दिवसापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं.

पहिला महिना मला बरा गेला. एरवी रोज सकाळी तासभर चालणारा तो फोन बंद झाल्यामुळे चहा वेळेवर मिळू लागला. पण मग घर नको इतकं गप्प झालं. बायकोला फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून भाजी चिरायची सवय. फोन बंद झाला तरी भाजी चिरताना तिची मान तशीच तिरकी व्हायची, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती सरळ करायची. ते बघवत नसे. सहा महिने मी ते बघितलं.

शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "एक तर जाऊन माफी मागा, नाहीतर खरी लाकडी जमीन कशी असते ते घरात करून दाखवा. निदान मी तुमच्यासाठी भांडले ते वाया तरी जाऊ नये. जमीन झाली की मी त्यांना जेवायला बोलावते."

माफी मागण्यापेक्षा जमीन बदलणं सोपं, असा मी विचार केला. विचार करण्यात मी कधीच कमी पडलेलो नाही.

लाकडाच्या दुकानातला विक्रेता अंगाने तलवारीसारखा आणि बोलण्याने मधासारखा होता. मी म्हटलं, सागवान दाखवा. त्याने सागवानाचे अकरा तुकडे माझ्यासमोर मांडले आणि प्रत्येकाचं नाव सांगितलं. एक 'जुना मध', एक 'उतरतं ऊन', एक 'शांत वाट'. मी विचारलं, यातलं सागवान कुठलं? तो म्हणाला, सगळंच. मग नावं कशाला? तर म्हणे गिऱ्हाइकाला भावना लागते. मला जमीन लागत होती. मी प्रत्येक तुकडा नखाने ओरबाडला, हुंगला, कानाशी नेऊन वाजवला. पंचवीस वर्षं मी निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात लोकांचे अर्ज तपासतोय. माझ्या हातून एकही अर्ज पहिल्या फेरीत सुटलेला नाही. माणूस असो की लाकूड, त्रुटी असतेच. ती सापडेपर्यंत शोधायची असते, एवढंच.

शेवटी बायकोने मागे उभं राहून 'उतरतं ऊन'कडे बोट दाखवलं आणि प्रश्न संपला. दीड तास मी जे तपासत होतो ते तिने दोन सेकंदांत उरकलं, याला निवड म्हणत नाहीत.

"माल घरी आला की गठ्ठे सोडा आणि पंधरा दिवस नुसते खोलीत ठेवा," विक्रेता म्हणाला. "लाकडाला घरच्या हवेची सवय व्हावी लागते. मगच आमचा सुतार येईल."

मी या घरात एकवीस वर्षं राहतोय, माझी सवय होण्यासाठी कुणी पंधरा मिनिटं थांबलेलं मला आठवत नाही. पण लाकूड आलं आणि बैठकीच्या खोलीत जावयासारखं आडवं पसरलं. सोफा आमच्या झोपायच्या खोलीत गेला, जेवायचं टेबल बाल्कनीत. खिडकी किती उघडायची, पंखा किती फिरवायचा, सगळं लाकडाच्या तब्येतीवर. मी पंधरा दिवस कपाट आणि सोफा यांच्यामधल्या बोळातून आडवा चालत अंथरुणापर्यंत पोचत होतो.

तेवढ्यात इमारतीची परवानगी लागते, असं कळलं. आमच्या इमारतीचा सचिव बरोबर आमच्या खाली राहतो. जिन्यातला दिवा गेला तरी हा माणूस आधी ठराव मांडतो, म्हणून सगळे त्याला 'ठराव' म्हणतात. मी अर्ज दिला. चौथ्या दिवशी परत आला. लाल शाईत लिहिलं होतं, 'फळीची जाडी नमूद नाही.' जाडी घातली. परत आला. 'होणाऱ्या आवाजाचे स्वरूप स्पष्ट करावे.' मी लिहिलं, 'ठोकल्यासारखे.' तिसऱ्यांदा परत आला, कारण मी अर्ज सचिवांना लिहिला होता आणि तो अध्यक्षांना, सचिवांमार्फत, लिहायला हवा होता. अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी घर विकून गेले होते.

मी खाली जाऊन त्याच्या दारात उभा राहिलो. "अहो, जो माणूस इथे राहतच नाही त्याला अर्ज कशाला?"

"नियम आहे," ठराव म्हणाला. "माझ्या मामांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज तुम्ही चार वेळा परत पाठवलात. मी तक्रार केली का?"

असल्या क्षुद्र वृत्तीच्या माणसांच्या हातात अधिकार गेले की काय होतं, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. चौथ्या फेरीत परवानगी मिळाली.

मग सुतार आला. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, खिशात पेन्सिल आणि कानामागे दुसरी पेन्सिल. कामाला लागण्याआधी मी त्याच्यासमोर करारनामा ठेवला. तो मी स्वतःच तयार केला होता, एकोणीस कलमी. आणि त्याला संकोच वाटू नये म्हणून शेजारी शाईचा डबा उघडून ठेवला. आमच्याकडे अशी माणसं रोज येतात. सही येत नसली की बिचारी चुळबुळ करतात. आपणच डबा पुढे सरकवला की त्यांची सुटका होते. "इथे डावा अंगठा," मी म्हणालो.

सुताराने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एकोणीसही कलमं त्याने वाचली, सातव्यातली एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली, माझंच पेन मागून घेतलं आणि खाली इतकी देखणी सही केली की तशी आमच्या साहेबांनाही येत नाही. मी डब्याचं झाकण लावताना शाई माझ्याच बोटांना लागली.

काम मात्र त्याने चांगलं केलं, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवत, लाकडी हातोडीने हळूच ठोकत, पाच दिवसांत त्याने सगळी खोली भरून काढली. मी दोन दिवस रजा काढून त्याच्या डोक्यावर उभा होतो. चूक काही सापडेना. मला बरं वाटेना. आणि पाचव्या दिवशी ती सापडली.

चारही भिंतींच्या कडेने, फळ्या संपतात तिथे, अर्ध्या बोटाची फट होती. एका ठिकाणी नाही, सगळीकडे!

"ही काय भानगड?" मी विचारलं. "मापात चुकलात तुम्ही."

"लाकूड हलतं, साहेब," सुतार म्हणाला. "हवेत ओल आली की फुगतं, गेली की आकसतं. त्याला अंग पसरायला जागा ठेवलीय. वरून पट्टी बसली की फट दिसणार नाही. पट्टी दुकानात आली की मी येऊन लावतो. तोवर ओलं फडकं मारू नका. कोरडं पुसा."

"म्हणजे लाकूड हलणार आणि मी बघत बसणार?"

"बघायला काही दिसत नाही, साहेब. ते आपलं आपण हलतं."

आपलं काम चुकलं की निसर्गाचं नाव सांगायचं, ही या लोकांची जुनी खोड. माप चुकलं, लाकूड हलतं. नळ गळतो, पाण्याला दाब आहे. दार लागत नाही, घर बसतंय. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाबा रे, असली कारणं मी रोज फायलीत वाचतो.

तरीही मी थांबलो असतो. पण बायकोने दरम्यान बहिणीला निरोप पाठवला होता आणि तो स्वीकारला गेला होता. पुढच्या रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला येणार होते. दुकानातून पट्टीचा पत्ता नव्हता. मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं: साडू उकिडवा बसणार, ती फट बघणार आणि पंचवीस माणसांचा हिशेब चुकता करणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ही चिंता मी समोरच्या दारातल्या दंतवैद्याला सांगितली. तो स्वतः येऊन जमिनीवर आडवा झाला आणि फटीत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"फट म्हणजे घाण साठणार," तो म्हणाला. "घाण साठली की कीड. मी रोज हेच बघतो. भरून टाका."

"सुतार म्हणतो लाकूड हलतं."

"दातही हलतात. म्हणून आम्ही ते रिकामे ठेवत नाही. चांगली कडक होणारी पुट्टी घ्या आणि अंगठ्याने दाबत दाबत भरा, आत पोकळी राहता कामा नये. पृष्ठभाग कोरडा ठेवा आणि दोन तास त्यावर काही खाऊ नका," असं सांगून तो गेला. शेवटचं वाक्य सवयीने बोलला असावा.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून चारही भिंती भरल्या. अंगठ्याने दाबत दाबत, बोटभर अंतरावर एक दाब. काम इतकं नेटकं झालं की मला स्वतःचा अभिमान वाटला. मंगळवारी लाकडी पट्ट्याही आल्या. सुतार गुरुवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, कशाला? मीच चिकटवतो. चिकटवल्या. बायको खूश. तिने तीन दिवस रोज बादलीभर पाण्याने जमीन पुसली. सुताराचं ते कोरड्या फडक्याचं मी तिला सांगायला विसरलो नव्हतो. असल्या नखऱ्यांना उत्तेजन द्यायचं नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. त्यातच हवा ढगाळ झाली आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळेनात.

गुरुवारी खोलीत 'टक' असा आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शुक्रवारी खोलीच्या मधोमध बोटभर उंचवटा होता. शनिवारी सकाळी त्याच्या खाली उशी सरकवता आली असती. पाय ठेवला की तो खाली दबायचा आणि पलीकडे दुसरा उभा राहायचा.

मी ताबडतोब दुकानाला पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. दोन पानी, बावीस मुद्द्यांचं. 'आपल्या सुताराच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द त्यात चार वेळा आले होते. दुकानाने कळवलं, सुतार उद्या सकाळी येईल. उद्या म्हणजे रविवारी.

उंचवट्यावर आम्ही सोफा ठेवला. सोफा डुलायला लागला. सोफा काढून जाजम टाकलं, तर जाजमाखाली कुणी झोपल्यासारखं दिसू लागलं.

"उद्या सकाळी दोन तास तुम्ही त्याच्यावर उभे राहाल का?" बायकोने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. चार भाज्यांची तयारी करून, आठ महिन्यांनी बहिणीचे आवडते पेले बाहेर काढून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळा दोष सुताराच्या गळ्यात घालतो.

रविवारी सुतार आणि पाहुणे एकाच वेळी दारात आले. याला नशीब म्हणतात. साडूने चपला काढल्या, अनवाणी आत आला, आणि तिसऱ्या पावलाला वर चढला. खाली उतरला. पुन्हा जमिनीकडे बघितलं. मेहुणी भिंतीला धरून उभी राहिली. बायको तिला "ये" म्हणाली, ती "आले" म्हणाली, आणि आठ महिन्यांचं संभाषण तिथेच संपलं.

"या माणसाचा प्रताप," मी सुताराकडे हात करून सांगितलं. "पंधरा दिवस लाकडाची सेवा केली, आणि यांनी ही टेकडी करून ठेवली."

सुतार गुडघ्यावर बसला. भिंतीलगतच्या पट्टीवरून त्याने बोट फिरवलं, पटाशी काढली, आणि पट्टी हलकेच उचकटली. आत बघून तो थांबला.

"ही पुट्टी माझी नाही, साहेब."

"मग काय भिंतीने आपण होऊन भरली?"

त्याने पटाशी फटीत घालून थोडी दाबली. हातभर लांबीचा, दगडासारखा कडक, पांढरा तुकडा अखंड निघून आला. तो त्याने खिडकीच्या उजेडाकडे धरला. त्याच्यावर एका ओळीत, बोटभर अंतरावर, अंगठ्याचे ठसे होते. रेघन् रेघ दिसत होती. आणि प्रत्येक ठशातून एक तिरकी चीर गेली होती.

डबा सुरीने उघडू नका, असं बायकोने नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या उजव्या अंगठ्यावर तिरका वण आहे.

बायको पुढे आली. तिने माझा हात धरला आणि अंगठा त्या तुकड्यावर टेकवला. चपखल बसला. दोषी माणूस ठशावरून कसा पकडायचा, हे मी पंचवीस वर्षं नव्या कारकुनांना शिकवतोय.

"मी भरली," मी म्हणालो.

"आणि दोन पानं कुणाच्या नावाने लिहिलीत?" बायकोचा आवाज इतका हळू होता की मला घाम फुटला. "या माणसाची नोकरी गेली असती तर?"

मी सुताराला म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "जागा मोकळी केली की जमीन बसेल आपोआप. पंधरा दिवस द्या." आणि पुढच्या भिंतीकडे वळला.

आता साडू बोलणार, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. साडू म्हणाला, "साडूभाऊ, आमच्याकडेही फट ठेवलीय. मलाही भरावीशी वाटली होती. आळस केला म्हणून वाचलो."

टोमणा मारला असता तर मी परतवला असता. तयारी होती. पण असं बोलल्यावर माणसाने करायचं काय? माझे कान तापले. मला मनापासून लाज वाटली, आणि ती सवय नसल्यामुळे फार जड गेली. "त्या दिवशी तुमच्या घरी मी जे बोललो," मी जमिनीकडे बघत म्हटलं, "ते बोलायला नको होतं."

"काय म्हणालात, भावोजी?" मेहुणी भिंतीजवळून म्हणाली. "ऐकू नाही आलं."

"बोलायला नको होतं!" मी ओरडलो. खालून ठरावाने छताला काठी ठोकली.

कुणी हसलं नाही. बायको ओठ घट्ट मिटून उभी होती. तेवढ्यात सुतार उठला, हात झटकले आणि खिशातून दुकानाचा तक्रारीचा कागद काढला. माझ्यासमोर उभा राहून त्याने त्या देखण्या अक्षरात लिहिलं: 'कारण: गिऱ्हाइकाने स्वतः फट भरली.' आणि कागद माझ्यापुढे धरला.

"इथे सही लागेल, साहेब."

मी खिसे चाचपले. पेन सापडेना. त्याचं पेन त्याने शांतपणे खिशाला लावून टाकलं होतं.

"राहू द्या," सुतार अगदी आदराने म्हणाला. "तुमचा अंगठाही चालेल."

आधी मेहुणीच्या नाकातून आवाज आला. मग बायकोच्या. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून अशा हसायला लागल्या की दोघींनाही उभं राहवेना, आणि त्या खाली बसल्या त्या नेमक्या उंचवट्यावर. तो एकीखाली दबला की दुसरीला वर उचलायचा, म्हणून आणखी हसल्या. "ताई, डबा... शाईचा डबा आण," मेहुणी कशीबशी म्हणाली. आणि बायकोने खरंच आणला.

मी अंगठा उमटवला. नेमका त्याच वेळी साडूने फोटो काढला. छान आलाय म्हणे. मी अजून बघितलेला नाही.